पातळ थर, थोडा धीर

घरी केलेला मेकअप बहुतेक वेळा तीन प्रकारांनी बिघडतो. चेहरा राखाडी दिसतो, नाकाच्या बाजूला आणि डोळ्यांखाली रंग फाटून रेघा उमटतात, किंवा दुपारपर्यंत काजळ गालावर उतरतं. मग दोष आपल्या हाताला दिला जातो, नाहीतर स्वस्त सामानाला. खरी कारणं बरीच साधी असतात. कुठल्या रंगात काय कालवलेलं आहे, चेहऱ्यावर तेल कुठून येतं आणि कुठली गोष्ट वाळायला किती वेळ घेते, एवढं समजलं की ऑफिसला, कॉलेजला किंवा हळदीकुंकवाला जाण्यापुरता मेकअप घरच्या घरी नीट जमतो आणि टिकतोही. नियम एकच: थर पातळ हवा, आणि एक बसल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही.

उजेड आणि पाया

सुरुवात आरसा कुठे ठेवायचा इथपासून होते. बाथरूममधला दिवा सहसा डोक्यावर असतो. त्याचा उजेड वरून पडतो आणि डोळ्यांखाली सावली पाडतो. ती सावली म्हणजे काळी वर्तुळंच, असं समजून आपण कन्सीलरचा आणखी एक थर चढवतो. बल्ब पिवळसर असेल तर फाउंडेशनची छटा चुकली आहे हेही कळत नाही, कारण त्या उजेडात सगळंच पिवळं दिसतं. म्हणून खिडकीकडे तोंड करून बसावं आणि आरसा समोर धरावा. दिवसाचा समोरून येणारा उजेड खोटं बोलत नाही.

चेहरा धुतल्यावर मॉइश्चरायझर सगळ्यांनीच लावावं, तेलकट त्वचा असलेल्यांनीही. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या पेशी मृत असतात. त्या कोरड्या पडल्या की त्यांच्या कडा उचलल्या जातात आणि रंगाची पूड नेमकी त्या कडांना जाऊन चिकटते. रंग ‘फाटतो’ तो इथे. तेलकट चेहऱ्याला हलकं जेल पुरतं. नागपूर-चंद्रपूरकडच्या कोरड्या उन्हाळ्यात किंवा थंडीत मात्र क्रीमच लागतं.

त्यावर सनस्क्रीन. ट्यूबवरचा एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या हिशेबानं सनस्क्रीन लावून काढलेला असतो. चेहरा आणि मान मिळून एवढं लावायचं, तर तर्जनी आणि मधलं बोट यांच्यावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा ओढाव्या लागतात. बहुतेक जण याच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी लावतात. फाउंडेशनवर छापलेल्या एसपीएफवर विसंबू नये तेही याच कारणानं. तितकं फाउंडेशन कोणी तोंडाला लावत नाही. ज्यांना वांग आहे त्यांनी रंगीत सनस्क्रीन निवडावं. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेवरचा वांग अतिनील किरणांनी वाढतो तसा डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानंही गडद होतो. साध्या सनस्क्रीनला हा उजेड फारसा अडवता येत नाही. रंगीत सनस्क्रीनमधली आयर्न ऑक्साइडची पूड त्याला अडवते. शिवाय रोजच्या दिवशी हेच सनस्क्रीन फाउंडेशनचं कामही भागवतं.

आता थांबायचं. भिंतीला दिलेला पहिला हात ओला असताना दुसरा दिला, तर ब्रश आधीचाच रंग उचलतो. चेहऱ्यावर हेच घडतं. सनस्क्रीनच्या बारीक वळ्या सुटतात त्या या घाईमुळे. मॉइश्चरायझरनंतर दोन-तीन मिनिटं आणि सनस्क्रीननंतर पाचेक मिनिटं द्यावीत. तेवढ्यात डबा भरून होतो किंवा साडीच्या निऱ्या काढून होतात.

चार पुडींचा खेळ

दुकानात फाउंडेशनच्या कितीही छटा मांडलेल्या असोत, त्वचेचा रंग जवळपास सगळ्यांत चार पुडींच्या मिश्रणातून येतो: पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड, आणि लोहाची पिवळी, लाल व काळी ऑक्साइडं. छटा जितकी उजळ तितकी तिच्यात पांढरी पूड जास्त. सावळ्या त्वचेवर असा पांढरा थर बसला की खालचा तपकिरी रंग त्याच्यातून अर्धवट दिसतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला राखाडी वाटतात. ‘एक छटा उजळ घ्या’ हा सल्ला म्हणूनच फसतो. त्यानं चेहरा उजळत नाही, निस्तेज होतो.

छटेइतकीच तिची झाकही महत्त्वाची असते. कुणाच्या गव्हाळ रंगात पिवळसर झाक असते, कुणाच्या लालसर, कुणाच्या हिरवट. रंग बरोबर आणि झाक चुकीची असेल, तर चेहरा मानेपासून वेगळा पडतो. मनगटावर रंग लावून पाहण्यात अर्थ नाही, मनगटाचा आणि चेहऱ्याचा रंग क्वचितच जुळतो. जवळच्या तीन छटा निवडाव्यात, प्रत्येकीची बोटभर रेघ जबड्यावरून मानेकडे ओढावी आणि दुकानाच्या दारात येऊन उजेडात पाहावं. जी रेघ दिसेनाशी होते ती आपली. मात्र लगेच पैसे मोजू नयेत. दहा मिनिटांनी पुन्हा पाहावं. फाउंडेशनमधलं पाणी आणि इतर उडून जाणारे द्रव निघून गेले, त्यात त्वचेचं तेल मिसळलं की रंग थोडा गडद होतो.

आपल्याकडच्या अनेक चेहऱ्यांवर कपाळ आणि ओठांभोवतीचा भाग गालांपेक्षा गडद असतो. हा दोष नव्हे. सगळा चेहरा गालाच्या रंगाचा करायला गेलं की कपाळावर जाड लेप बसतो. गाल आणि कपाळ यांच्या मधली, मानेशी जुळणारी छटा घ्यावी आणि चेहऱ्याचे चढउतार थोडे राहू द्यावेत.

झाकायचं तेवढंच झाकायचं

वाटाण्याएवढं फाउंडेशन पुऱ्या चेहऱ्याला पुरतं. ते नाकाच्या दोन्ही बाजू, गालांचा आतला भाग आणि हनुवटी इथे ठिपक्यांनी ठेवावं आणि बाहेरच्या बाजूला विरवत न्यावं. डाग आणि लाली जास्त असते ती मध्यभागी. कानाजवळ आणि केसांच्या रेषेजवळ रंगाची गरज नसते, तिथे तो विरून जायला हवा. स्पंज वापरत असाल तर ओला करून घट्ट पिळून घ्या. आधीच पाणी प्यालेला स्पंज फाउंडेशन कमी पितो आणि थरही पातळ बसवतो. स्पंज असो की बोट, थोपटावं, घासू नये. घासलं की रंग एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवला जातो.

कन्सीलर फाउंडेशननंतर लावावं. पहिल्या थरानं निम्मं काम केलेलं असतं, त्यामुळे कन्सीलर कमी लागतं. मुरुमाच्या डागावर बारीक ब्रशनं एक ठिपका ठेवावा, अर्धा मिनिट वाळू द्यावा आणि मग फक्त त्याची कड बोटानं विरवावी. ठिपका ओला असतानाच पसरवला तर झाकायचा डाग उघडा पडतो.

डोळ्यांखालच्या काळोखाकडे जरा बारकाईनं पाहायला हवं, कारण तो तीन वेगवेगळ्या गोष्टींचा असू शकतो. त्वचेतच रंगद्रव्य जास्त असेल तर तो तपकिरी दिसतो. तिथली त्वचा पातळ असल्यानं खालच्या रक्तवाहिन्या दिसत असतील तर निळसर दिसतो. आणि तिथे खळगा असेल तर ती नुसती सावली असते. हनुवटी वर करून खिडकीकडे पाहिलं आणि काळोख गेला, तर तो सावलीचा. कन्सीलर त्याला फारसं काही करू शकत नाही, आणि त्यासाठी थर वाढवण्यातही हशील नाही. तपकिरी-निळसर काळोख मात्र झाकता येतो. रंगचक्रात निळ्याच्या समोर नारिंगी असतो आणि समोरासमोरचे रंग एकमेकांना मारतात. म्हणून गव्हाळ त्वचेवर पीच आणि सावळ्या त्वचेवर नारिंगी करेक्टर आधी लावतात, तोही जिथे काळोख आहे तेवढ्याच जागी, म्हणजे बहुधा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली. त्यावर आपल्या त्वचेच्या छटेचं कन्सीलर थोपटावं. करेक्टर वगळून थेट उजळ कन्सीलर लावलं, तर काळोखावर पांढरी पूड पडते आणि पुन्हा तीच राखाडी छटा उमटते.

डोळ्यांखाली रेघा पडतात, कारण आपण हसतो, डोळे मिचकावतो आणि जास्तीचा रंग सुरकुत्यांत गोळा होतो. कन्सीलर लावून झाल्यावर मिनिटभर थांबावं, पडलेली रेघ बोटाच्या टोकानं हलकेच दाबून पुसावी आणि लगेच चिमूटभर पावडर त्यावर दाबावी. जितकं कन्सीलर कमी, तितकी रेघ बारीक.

पावडर चेहराभर नको. कपाळ, नाक आणि हनुवटी या पट्ट्यात तेलग्रंथी सर्वांत दाट असतात, पावडरीची गरज तिथेच असते. पफनं दाबून लावली की ती तेल शोषून घेते, ब्रशनं फिरवली की नुसती वर बसते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे दुपारी चेहरा चमकू लागतो. अशा वेळी आधी टिश्यू पेपरनं तेल आणि घाम टिपून घ्यावा आणि मगच पावडर लावावी. ओल्या तेलावर पावडर टाकली तर तिचे थापे बसतात. सिलिका असलेली पांढरी पावडर खोलीत दिसत नाही, पण फ्लॅशच्या उजेडात पांढरीफटक उठते. समारंभाला जाण्याआधी फ्लॅश लावून एक फोटो काढून पाहिलेला बरा.

गालांचा नियम छोटा आहे: क्रीम ब्लश पावडरीच्या आधी, पावडर ब्लश पावडरीच्या नंतर. पावडरीवर क्रीम चोळलं की खालचं सगळं उचलून येतं. सावळ्या गालावर फिका गुलाबी रंग खडूसारखा उठतो, वीटकरी, जांभळट किंवा गडद कोरल रंग रक्ताच्या लालीच्या जवळ जातो.

भुवया आणि पापण्या

भुवयांना काळी पेन्सिल लावली की चेहरा रागीट दिसतो. केस काळेभोर असले तरी पेन्सिल गडद तपकिरी घ्यावी, आणि जिथे केस विरळ आहेत तिथेच केसांच्या दिशेनं बारीक रेघा माराव्यात. नाकाजवळची सुरुवात फिकी ठेवावी.

आयशॅडोचं सगळं तंत्र एका गोष्टीवर चालतं: उजळ रंग पुढे आल्यासारखा दिसतो, गडद रंग मागे गेल्यासारखा. रोजच्यासाठी आपल्या त्वचेहून दोन छटा गडद असा, चमक नसलेला तपकिरी रंग पुरतो. आरशात सरळ पाहत डोळे उघडे ठेवावेत, पापणी जिथे दुमडते त्याच्या किंचित वर हा रंग लावावा आणि ब्रश आडवा पुढेमागे हलवत त्याची वरची कड विरवावी. डोळा मिटून लावलेला रंग डोळा उघडल्यावर घडीत लपतो. ज्यांची पापणी घडीखाली झाकली जाते त्यांच्या बाबतीत तर हमखास.

चष्मा असलेल्यांनी आपला नंबर लक्षात घ्यावा. लांबचं न दिसणाऱ्यांच्या वजा नंबरच्या काचेतून डोळे लहान दिसतात, त्यांनी पापणीवर उजळ रंग आणि लायनरची रेघ बारीक ठेवावी. अधिक नंबरच्या काचेत डोळे मोठे दिसतात आणि त्यांच्यासोबत प्रत्येक फिसकटलेली कडही. त्यांनी रंग विरवण्यात कसूर करू नये.

लायनर लावताना आरसा टेबलावर आडवा ठेवून त्यात खाली पाहावं. पापणी आपोआप सरळ होते, ती बोटानं ताणावी लागत नाही. ताणून काढलेली रेघ पापणी सोडल्यावर वाकडी होते. कोपर टेबलाला टेकवावं, पापणीच्या केसांच्या मुळाशी तीन-चार ठिपके द्यावेत आणि ते जोडावेत. मस्कारा लावायचा तर केसांच्या मुळाशी ब्रश किंचित हलवून तो वर न्यावा. पहिला हात पुरता वाळायच्या आत दुसरा द्यावा, कारण वाळलेल्या मस्काऱ्यावर पुन्हा लावलं की केस चिकटून गुठळ्या होतात. थर वाळू द्यायचा, या नियमाला हा एवढाच अपवाद.

काजळ का उतरतं

घरच्या काजळात तुपाच्या दिव्यावर धरलेली काजळी तुपात किंवा एरंडेलात खललेली असते. बाजारातल्या साध्या काजळ पेन्सिलीत काळा रंग, मेण आणि तेल असतं. यातलं काहीच वाळत नाही. अंगाच्या उष्णतेनं ते मऊ राहतं आणि म्हणूनच ते इतकं सहज लागतंही. पापणीच्या ओल्या कडेवर तेलग्रंथींची तोंडं असतात. दर मिनिटाला पंधराएक वेळा आपण डोळे मिचकावतो आणि त्या ग्रंथींतलं तेल अश्रूंवर पसरतं. अश्रू लवकर सुकू नयेत यासाठी शरीरानं केलेली ही सोय आहे. काजळाच्या दृष्टीनं मात्र हे तेल म्हणजे त्याला विरघळवणारा द्रव. त्यात खालून सनस्क्रीनचं तेल वर सरकतं आणि दुपारी रंग गालावर येतो.

‘न पसरणारं’ म्हणून विकलं जाणारं काजळ वेगळं काम करतं. त्यात आयसोडोडेकेनसारखा उडून जाणारा द्रव आणि चिवट पापुद्रा धरणारं रेझिन असतं. लावल्यावर मिनिटभरात द्रव उडतो आणि पापुद्रा उरतो. त्यामुळे ते विरवायचं असेल तर पहिल्या अर्ध्या मिनिटातच विरवावं आणि नंतर हात लावू नये. पापुद्रा मोडला की तो पुन्हा जुळत नाही.

साधं काजळ टिकवायलाही युक्ती आहे. कापसाच्या काडीनं पापणीची कड आधी कोरडी करावी. काजळ ओल्या कडेच्या आत न लावता केसांच्या मुळाशी, बाहेरून लावावं. त्यावर काळ्या किंवा गडद तपकिरी आयशॅडोची पूड बारीक ब्रशनं दाबावी, आणि डोळ्यांखालचं सनस्क्रीन पावडरीनं कोरडं करावं. पूड तेल धरून ठेवते, रंग जागचा हलत नाही.

बाहेरून लावण्याला दुसरंही कारण आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की केसांच्या आतल्या बाजूला लावलेल्या पेन्सिलीचे कण बाहेरून लावलेल्यापेक्षा अधिक प्रमाणात आणि लवकर अश्रूंत उतरतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांसाठी हे विशेष महत्त्वाचं. त्यांनी लेन्स मेकअपच्या आधी घालावी आणि मेकअप पुसण्याच्या आधी काढावी.

सुट्या, बिनलेबलच्या सुरम्याच्या वाटेला मात्र जाऊच नये. पारंपरिक सुरम्यात गॅलेना, म्हणजे शिशाचं सल्फाइड असू शकतं. रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगं सौंदर्यप्रसाधनांत वापरायला भारतात कायद्यानं बंदी आहे, पण बिनलेबलच्या सुट्या मालात ती पाळली आहे की नाही, हे कळायला मार्ग नसतो. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ घालायला बालरोगतज्ज्ञ मना करतात, तेही शिसं आणि जंतुसंसर्ग या दोन धोक्यांमुळेच.

काढणं आणि टाकून देणं

मेण, तेल आणि रेझिन पाण्यानं निघत नाहीत, तेलात विरघळतात. म्हणून फेसवॉश ही दुसरी पायरी. आधी क्लिन्झिंग बाम किंवा तेलाचं बोट चेहऱ्यावर फिरवावं. डोळ्यांसाठी कापूस मेकअप रिमूव्हरमध्ये भिजवून मिटलेल्या पापणीवर वीस-तीस सेकंद नुसता धरावा आणि मग खालच्या दिशेनं पुसावा. पापणीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ असते. जे काम थांबून होतं ते घासून करू नये.

टिकलीच्या जागेकडेही लक्ष असू द्यावं. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्यूटाइल फिनॉल हे रसायन असतं. त्यानं कपाळावर खाज सुटते आणि काहींच्या बाबतीत त्या जागचा त्वचेचा रंग जाऊन पांढरा डाग पडतो. खाज येऊ लागली तर टिकली लगेच बंद करावी आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. नवं फाउंडेशन किंवा काजळ घेतलं तर तेही आधी कानामागे लावून एक-दोन दिवस पाहावं.

मस्कारा तीन ते सहा महिन्यांत टाकून द्यावा. तो ओला आणि बंद नळीत असतो आणि रोज पापणीवरचे जंतू ब्रशसोबत आत जातात. घट्ट झाला म्हणून त्यात पाणी घालू नये. त्यानं जंतू रोखणारं द्रव्यही पातळ होतं. डोळे आले असतील तेव्हा वापरलेलं काजळ आणि मस्कारा बरं झाल्यावर पुन्हा वापरू नये. आणि काजळाची पेन्सिल बहिणीशीसुद्धा वाटून घेऊ नये. इतर डब्यांवर बऱ्याचदा उघड्या झाकणाच्या डबीचं चिन्ह आणि त्यात ‘१२ एम’ किंवा ‘२४ एम’ असं लिहिलेलं दिसतं. डबी उघडल्यापासून इतके महिने वापरा, असा त्याचा अर्थ. स्पंज दर एक-दोन वापरांनंतर आणि ब्रश आठवड्यातून एकदा शाम्पूनं धुवावेत. ब्रश आडवे ठेवून वाळवावेत, उभे ठेवले तर पाणी दांड्यात उतरून केस गळतात.

आणि ज्या सकाळी सातची लोकल पकडायची असते त्या दिवशी? तेव्हा थर पातळ करत बसण्यापेक्षा थर कमी करावेत. फाउंडेशन आणि आयशॅडो सोडून द्यावं. रंगीत सनस्क्रीन, डोळ्यांखाली दोन ठिपके कन्सीलर, केसांच्या मुळाशी काजळ आणि ओठांवरची लिपस्टिक बोटानं थोडी गालावर, इतकं पुरतं. तीच लिपस्टिक पापणीवर मात्र लावू नये. ओठांसाठी चालणारे सगळे लाल रंग डोळ्यांजवळ वापरायला योग्य ठरत नाहीत. सनस्क्रीन बसण्याची पाच मिनिटं तेवढी त्याही दिवशी वाचवू नयेत. ती वाचवली तर वरचं सगळं सोलून येतं आणि मग त्याच दुरुस्तीत दहा मिनिटं जातात.